रविवारची उलटतपासणी

आठवडाभर ती कोर्टात लोकांच्या साक्षी टाइप करायची आणि रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायची. कोर्टात सगळे तिला स्टेनोबाई म्हणत, मुलं नुसतं बाई म्हणत आणि नवरा रंगात आला की ‘उलटतपासणी’ म्हणून हाक मारी. त्याचं तरी काय चुकलं? तो भाजी घेऊन उशिरा आला तर ही विचारणार, “कोण भेटलं?” नाव सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, “आणि त्याच्याबरोबर कोण होतं?”

“तू लग्नाआधी अशी नव्हतीस,” तो म्हणायचा.

“लग्नाआधी मी कोर्टात नव्हते.”

मुलांच्या वर्गात उलटतपासणीचा विषय निघाला तो एका फोटोमुळे. वर्गात नऊ-दहा मुलं. त्यातला एक इतका वाद घालायचा की सगळे त्याला वकीलच म्हणत. हा वकील एका रविवारी आत्याचा फोन घेऊन आला. फोटोत एका खड्ड्यात माणसाचा भलामोठा सांगाडा होता. एकेक बरगडी बसच्या टपाएवढी, शेजारी मुंगीएवढी उभी असलेली माणसं, आणि खाली लिहिलेलं, ‘शास्त्रातल्या महाकाय पुरुषांचा पुरावा सापडला! सगळ्यांना पाठवा!’

“बघा बाई, आता तरी शाळेतले सर मानतील,” वकील म्हणाला.

बाईंनी चष्मा पुसून फोटो नीट बघितला. “हा फोटो कोणी काढला?”

“माहीत नाही. आत्याला तिच्या मैत्रिणीने पाठवला.”

“मैत्रिणीला?”

“कोणीतरी.”

“आणि ही सावली बघ. माणसांची सावली या बाजूला पडलीय, हाडांची त्या बाजूला. त्या गावात दोन सूर्य होते का?”

मुलं खिदळली. वकिलाचे कान लाल झाले. “पण बाई,” तो हट्टाने म्हणाला, “हे आपल्या बाजूचं आहे ना!”

हसणं थांबलं. बाईंनी फोन बाकावर ठेवला. नवऱ्याने, सासऱ्यांनी, चर्चमधल्या कितीतरी शहाण्या माणसांनी हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत तिला ऐकवलं होतं. एका मुलाने ते इतकं उघड बोलून दाखवलं, म्हणून तिला त्याचं कौतुकच वाटलं.

“आपल्या बाजूचं असेल तर जास्त तपासायचं,” ती म्हणाली. “देवाला खोट्याचा टेकू लागत नाही. आणि उद्या तो टेकू निसटला की लोक म्हणणार, यांचं सगळंच असलं.”

मग तिने फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय का? त्याच्याशिवाय दुसरं कोणी तेच सांगतंय का? आपण विश्वास ठेवला तर सांगणाऱ्याला काय मिळतं? कोर्टात ऐकीव गोष्ट साक्ष म्हणून का चालत नाही, तेही तिने सांगितलं. वकिलाने सगळं उतरवून घेतलं.

शेवटच्या बाकावर चिमणी बसायची. बारा वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला त्याहून कमी. तिला लहानपणापासून मधुमेह होता. रोज इंजेक्शन घ्यायची. साखर एकदम उतरली तर हाताशी असावा म्हणून फळांच्या रसाचा एक डबा ती चर्चच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवायची. तिने हात वर केला.

“बाई, उपासनेत पाळकसाहेब सांगतात तेसुद्धा असं तपासायचं?”

“तेसुद्धा. प्रेषिताने सांगितलेलंही घरी जाऊन शास्त्रात ताडून पाहणारी माणसं होती. शास्त्रात त्यांना कुणी बोल लावलेला नाही. उलट कौतुकच केलंय.”

चिमणीने मान डोलावली, पण तिचं समाधान झालं की नाही, कळलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात भाऊ आले.

भाऊ म्हणजे बाहेरगावचे एक प्रवचनकार. मुलांसाठी सभा घ्यायला त्यांना खास बोलावलं होतं, आणि बोलावलं होतं स्टेनोबाईंच्या सासऱ्यांनी. सासरे मंडळीतल्या वडिलांपैकी एक होते, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या चौघांपैकी. त्यांचा शब्द चर्चमध्ये कुणी सहसा मोडत नसे. भाऊंची राहायची सोय चर्चच्या मागे, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत केली. उंच, गोरटेले, हसतमुख. मुलांना खांद्यावर घेणारे, गिटार वाजवणारे. पहिल्याच सभेत त्यांनी आपली साक्ष दिली. त्यांनाही मधुमेह होता, चिमणीसारखाच, लहानपणापासून. एका पहाटे प्रार्थनेत त्यांना सांगण्यात आलं की तू बरा झालास. त्यांनी इंजेक्शनं उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या दिवसापासून आजपर्यंत सुई टोचलेली नाही.

सगळं चर्च रडलं. चिमणीच्या आईने तर ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. तिचा हात चिमणीच्या पाठीवर होता आणि चिमणी डोळे न मिटता भाऊंकडे बघत होती.

स्टेनोबाईंना रडू आलं नाही. आलं नाही याचीच त्यांना आधी लाज वाटली.

दुसऱ्या सभेत भाऊंनी साक्ष पुन्हा दिली, मग तिसऱ्या सभेतही. तिसऱ्या वेळी स्टेनोबाई कोर्टातल्यासारखं ऐकू लागल्या. साक्षीत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. ‘कचऱ्याच्या डब्यात’ म्हटल्यावर भाऊ थांबायचे, छताकडे बघायचे आणि त्यांचा आवाज भरून यायचा. तिन्ही वेळा तिथेच. कोर्टात तिने शेकडो माणसं ऐकली होती. खरं सांगणारा माणूस अडखळतो, मागे जातो, “नाही हो, तेव्हा पाऊस थांबला होता,” असं काहीतरी दुरुस्त करतो. इतकं गुळगुळीत बोलणारा बहुतेक पाठ करून आलेला असतो.

जेवताना तिने हे बोलून दाखवलं.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. “देवाच्या माणसाला तू आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेस?”

“साक्षीदाराच्या, बाबा. साक्ष दिली की प्रश्न येतातच.”

“आणि तुझ्या मुलांना हेच शिकवतेस वाटतं? परवा तो वकील भाऊंना विचारत होता, तुमचा दवाखाना कुठला, डॉक्टर कोण. पोराचं वय काय, प्रश्न काय! भाऊंनी हसण्यावारी नेलं म्हणून बरं. म्हणाले, संशय हे विश्वासाच्या भिंतीतलं भगदाड आहे, बेटा.”

“म्हणजे दवाखाना सांगितला नाही.”

“बघ! बघ हिचं!” सासरे मुलाकडे वळले.

नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. नंतर भांडी आवरताना तो हळूच म्हणाला, “तुला हेवा तर वाटत नाही ना? इतकी वर्षं वर्ग तू घेतेस, आणि पोरं त्याच्यामागे धावतात.”

ते तिला लागलं. पण खोटं म्हणून झटकताही येईना. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, हे तीच मुलांकडून पाठ करून घ्यायची. मनातल्या मनात दिलेली साक्ष मोजायची की नाही? तिने ठरवलं, हातात काही नाही तोवर गप्प बसायचं. आणि ती गप्प बसली. फक्त बघत राहिली.

बघता बघता तिची नजर भाऊंवरून चिमणीवर गेली. पोरगी अर्ध्या तासात पाण्याची बाटली रिकामी करत होती. दोनदा उठून बाहेर गेली. ओठांची सालं निघाली होती. एकदा बाकावर डोकं टेकून बसली आणि बाईंनी विचारलं तर म्हणाली, “झोप झाली नाही.”

“इंजेक्शन घेतेस ना गं?”

“हो बाई.”

इतकं झटकन आलेलं ‘हो’ बाईंनी अनेकदा टाइप केलं होतं.

त्यांचा संशय चिमणीच्या आईवर गेला. चिमणीची आई एका हॉटेलच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करायची. कोर्ट सुटल्यावर स्टेनोबाई थेट तिथे गेल्या. वाफेने भरलेल्या खोलीत ती मोठ्या रोलरसमोर उभी होती, कपाळावर केस चिकटलेले.

“ताई, रागावू नका. चिमणीची इंजेक्शनं थांबवलीत का?”

तिने रोलर बंद केला. “काय म्हणालात?”

“भाऊंच्या साक्षीनंतर...”

“मी तिची आई आहे,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “भाऊंनी प्रार्थना केली, मी आशा धरली. रोज धरते. पण सकाळचं इंजेक्शन मी या हाताने देते आणि संध्याकाळचं ती स्वतः घेते, कारण तेव्हा मी इथे असते. तुम्ही मला काय समजलात? मी पोरीच्या जिवाशी खेळेन? शिकलेल्या लोकांना आमच्यासारख्यांबद्दल पहिल्यांदा हेच सुचतं.”

स्टेनोबाईंना तोंड वर करता येईना. माफी मागून त्या निघाल्या. बसमध्ये बसल्यावर मनात आलं, आपण आईवर संशय घेतला तो कशाच्या जोरावर? तीन प्रश्नांपैकी एकही स्वतःला विचारला नव्हता. मग एकदम दुसरी गोष्ट टोचली: संध्याकाळचं ती स्वतः घेते. आईने ते बघितलेलं नाही. तिथूनच परत फिरावं की काय असं झालं, पण आत्ताच इतकी बोलणी खाल्लेली. कुठल्या तोंडाने जाणार? रविवारी पोरीलाच विचारू, असं म्हणून त्यांनी ते पुढे ढकललं. ते ढकलायला नको होतं, हे नंतर त्यांना फार लागून राहिलं.

रविवारी त्या लवकर पोचल्या, तर चिमणी आधीच पायरीवर बसलेली. डोळे खोल गेलेले.

“बाई, मला एक सांगायचंय. पण तुम्ही आईला सांगाल.”

“बहुतेक सांगेन,” बाई म्हणाल्या. “तुला खोटं वचन देणार नाही.”

चिमणीने सरकून बाईंना पायरीवर जागा करून दिली. मग म्हणाली, “मी संध्याकाळची इंजेक्शनं घेत नव्हते. मला वाटलं, माझा विश्वास भाऊंएवढा झाला की होईल. पण तोंडाला कोरड पडायची, पाय ओढायचे. म्हणून मी त्यांनाच विचारायला गेले. तुम्ही म्हणाला होतात ना, ज्याने पाहिलंय त्याला विचारायचं. मी विचारलं, इंजेक्शन सोडल्यावर पहिले दिवस तुम्हाला काय झालं? ते म्हणाले, काहीच नाही, पिसासारखं हलकं वाटलं.”

“मग?”

“मग मला वाटलं, माझंच चुकतंय. मी रडले. डोळे धुवायला स्वयंपाकघरात गेले, तिथे चक्कर आली म्हणून माझा रस घ्यायला फ्रिज उघडला. दुधाच्या मागे एक पांढरा डबा होता. तो माझा नव्हता. मी उघडला, बाई. उघडायला नको होता, पण उघडला. आत पेन होतं. इंजेक्शनचं. माझ्यासारखंच, फक्त बटण निळं. मी ते कुठेही ओळखीन.”

“आणखी कोणी बघितलं?”

“भाऊ आले. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला. मी पळून आले.”

बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. फोटोचं, साक्षीचं, भाऊंचं, सगळं बाजूला राहिलं. वर्ग वकिलाच्या ताब्यात दिला, चिमणीच्या आईला बोलावून घेतलं आणि रिक्षा करून तिघी दवाखान्यात गेल्या. साखर इतकी चढली होती की डॉक्टरांनी भरतीच करून घेतलं. अजून थोडं चाललं असतं तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. आई पलंगाशी उभी होती. तिने स्टेनोबाईंकडे बघितलं आणि चिमणीचे पाय चेपायला बसली.

दुपारी बाई चर्चला परत आल्या. सासरे अंगणात खुर्च्या रचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

“पोरीचा शब्द,” ते म्हणाले. “ऐकीव गोष्टीवर मी त्या माणसाला...”

“ऐकीव नाही, बाबा. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पण एकीच्या शब्दावर कोणाला दोषी धरू नये, हे मलाही मान्य आहे. म्हणून तुम्ही चला.”

स्वयंपाकघरात जाऊन सासऱ्यांनी स्वतः फ्रिज उघडला. दूध होतं, चिमणीचा रस होता, लोण्याचा डबा होता. पांढरा डबा नव्हता. त्यांनी दूध काढून मागे बघितलं, खालचा कप्पा ओढला.

“नाहीये,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, पण पुरती नव्हती.

तिलाही क्षणभर वाटलं, पोरगी ग्लानीत असेल. काहीतरी वेगळंच पाहिलं असेल. आपल्याला जे हवं होतं तेच तिने आणून दिलं, म्हणून तर आपण पटकन धरलं नाही ना? तरीही ती सासऱ्यांना घेऊन भाऊंच्या खोलीशी गेली आणि दार वाजवलं.

भाऊ गिटारच्या तारा बदलत होते. “या, या,” म्हणून हसले.

तिने प्रश्नांची तयारी केली होती. दवाखाना कुठला, साल कोणतं, डॉक्टर कोण. त्यातला एकही तिच्या तोंडून निघाला नाही.

“चिमणी दवाखान्यात आहे,” ती म्हणाली. “संध्याकाळची इंजेक्शनं घेत नव्हती. तुमच्यासारखं व्हायचं होतं तिला.”

भाऊंच्या हातातली तार निसटून खाली पडली. चेहरा एकदम म्हातारा दिसला.

“वाचेल ना?”

“वाचेल म्हणतायत.”

ते पलंगावर बसले. मग त्यांनी पलंगाखालची पिशवी ओढली आणि पांढरा डबा काढून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला.

“मी खोटं नव्हतो बोलत. सुरुवातीला नव्हतो,” ते म्हणाले. “खरंच टाकून दिली होती. खरंच वाटलं होतं की झालं. मंडळीत उभं राहून सांगितलं, लोक रडले. मग चक्कर येऊन पडलो. दवाखान्यातून बाहेर आलो तोवर माझी साक्ष दुसऱ्या गावी पोचली होती. बोलावणी यायला लागली. दर वेळी वाटायचं, या खेपेला खरं सांगू. उभा राहिलो की तोंडातून जुनंच यायचं.” ते पहिल्यांदा अडखळत बोलत होते. तिने ते ऐकलं आणि तिला कसलाच विजय वाटला नाही.

“मुलांना तुम्हीच सांगा,” सासरे म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. “पुढच्या रविवारी. मी तुमच्या शेजारी उभा राहीन.”

“सांगतो,” भाऊ म्हणाले.

पण रविवारी खोली रिकामी होती. पलंगावर चादर घडी करून ठेवलेली होती. पाळकसाहेबांनी वेदीपाशी उभं राहून, भाऊंना तातडीने दुसरीकडे जावं लागलं, असं सुरू केलं. तेवढ्यात सासरे उठले आणि म्हणाले, “पाळकसाहेब, थांबा. त्यांना मी बोलावलं. बोलावण्याआधी चौकशीचा एक फोनसुद्धा केला नाही, कारण साक्ष मला आवडली होती. ती खरी नव्हती. आपली एक लेक त्यापायी दवाखान्यात आहे.” एवढं बोलून ते बसले. उपासना पुढे सुरू झाली.

सगळ्यांना हे रुचलं नाही. मंडळीची अब्रू चव्हाट्यावर आणायची काय गरज होती, असं काहींनी म्हटलं. काहींनी सगळा दोष बाईंवर टाकला: मुलांच्या डोक्यात संशयाचं भूत घातलं हिने. वर्गात पाच मुलं उरली. वकील होता. त्याच्या आत्याने मात्र सांगाड्याचा फोटो पुन्हा एकदा सगळ्यांना पाठवला.

चिमणी घरी आली तेव्हा बाई भेटायला गेल्या. आईने दार उघडलं, खुर्ची दिली आणि कोपऱ्यातल्या चुलीकडे वळून चहा टाकला. धुलाई विभागातलं बोलणं दोघींनी काढलं नाही. तरी चहाबरोबर बिस्किटं आली, तेव्हा बाईंना बरं वाटलं.

चिमणी भिंतीला टेकून बसली होती. आता ती डॉक्टरांनाही विचारायची: हे औषध कशाला, तुम्हाला कसं कळलं? नर्स वैतागली होती म्हणे. बाईंना प्रश्न पडला. आपण हिच्या हातात चाळणी दिली की कुऱ्हाड?

“बाई,” चिमणी म्हणाली, “भाऊंचं खोटं निघालं. मग प्रार्थना कोणी ऐकतं हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“माझ्या आईने.”

“म्हणजे ऐकीव.”

चुलीपाशी चिमणीच्या आईचा हात थांबला. बाई हसल्या नाहीत.

“आधी ऐकीवच होतं,” त्या म्हणाल्या. “मी पाहिलंय तेवढं सांगते. माझे वडील आजारी होते. मी रात्रंदिवस प्रार्थना केली की ते बरे होऊ देत. ते बरे झाले नाहीत. पण शेवटच्या दुपारी, ते जात होते तेव्हा, त्या खोलीत मी एकटी नव्हते. कोणी दिसलं नाही, आवाज आला नाही. तरी एकटी नव्हते. आजही शपथेवर सांगेन. सिद्ध करता येणार नाही.”

“त्यातून तुम्हाला काय मिळतं?”

“हे सांगितलं की थोडी लाज मिळते. एवढंच.”

“दुसरं कोणी होतं तिथे?”

“माझा धाकटा भाऊ. पण तुला आधीच सांगते, तो म्हणेल, ताई, पंखा बंद होता आणि खोलीत भयंकर उकडत होतं. त्याला बाकी काही आठवत नाही.”

चिमणीच्या ओठांवर पहिल्यांदाच हसू आलं. तिने उशीखालून आईचा फोन काढला.

“नंबर सांगा,” ती म्हणाली. “मी त्यांनाही विचारते.”

बाईंनी नंबर सांगितला.